नाथा वस्तादांचा रुस्तम

आमच्या शेजारच्या तालमीत कुत्र्यालासुद्धा लंगोट बांधल्याशिवाय प्रवेश नव्हता. मी थट्टा करत नाही. तालमीची मागची भिंत आणि आमच्या परसाची भिंत एकच. तिच्यावर रोज सकाळी पैलवानांचे लंगोट वाळत पडायचे आणि त्या रांगेत अगदी शेवटी एक वीतभर रुंदीचा, इवलासा लाल लंगोट असायचा. तो रुस्तमचा. रुस्तम म्हणजे मागचे दोन्ही पाय लुळे पडलेलं, खरजेनं अर्धं उघडं झालेलं एक गावठी कुत्रं, आणि त्याला रुस्तम म्हणणारे गृहस्थ म्हणजे नाथा वस्ताद.

वस्ताद तेव्हा साठीच्या आसपास असतील. कुस्तीत मोडलेले कान, मान जवळजवळ नाहीच, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. नेवाशात त्यांना घर नव्हतं. तालमीत झोपायचे, तालमीत उठायचे, आणि गावातली घरं वार लावून त्यांना भाकरी द्यायची. आमचा वार मंगळवार. मी नगरची मुलगी, नवी लग्न होऊन आलेली. पहिल्या मंगळवारी ताट घेऊन सरळ तालमीच्या दारात गेले, तर आतून असं काही खाकरणं ऐकू आलं की वाटलं, कुणाला ठसका लागून जीव चाललाय. ते खाकरणं म्हणजे बाईमाणसाला इशारा होता. उंबऱ्याच्या आत बाईचा पाय पडायचा नाही. ताट बाहेरच्या कट्ट्यावर ठेवायचं आणि चालू लागायचं. आपण चार पावलं पुढे गेलो की आतून एक हात येई आणि ताट आत जाई.

का, तर मारुतीची जागा. म्हशीचं दूध चालायचं, गाईचं तूप चालायचं, बायांनी थापलेली भाकरी तर चांगलीच चालायची. फक्त बाई चालायची नाही. हे मी एकदा आमच्या ह्यांना बोलून दाखवलं. हे हायस्कुलात मास्तर आणि वर तालमीच्या पंचमंडळाचे चिटणीस. म्हणाले, परंपरा आहे. शाळेत पोरांना प्रश्न विचारा म्हणून शिकवणारा माणूस घरात प्रश्न विचारला की परंपरा आहे म्हणतो, हे मला लग्नानंतर फार लवकर कळलं.

वस्ताद बायांशी बोलतच नसत असं नाही. वेळ आली की आमच्या दारातल्या लिंबाच्या झाडाकडे तोंड करून बोलत. "मास्तरीणबाई, मास्तर हायेत का?" हे लिंबाला. मीही लिंबाकडे बघून सांगायची, नाहीत, बाजाराला गेलेत. येणारेजाणारे आम्हा दोघांकडे बघत उभे राहायचे.

सासूबाईंना मात्र लिंबाची गरज नव्हती. त्यांचे गुडघे गेलेले. दिवसभर ओसरीवर पाय पसरून बसायच्या आणि पायांतलं सगळं बळ जिभेत उतरलं होतं. वस्तादांना त्या लहानपणापासून ओळखायच्या. "ह्याची आई रोज दुधाची चरवी घेऊन त्या उंबऱ्याबाहेर हुबी राहायची," त्या सांगायच्या. "ऊन म्हनू नका, पाऊस म्हनू नका. हा मेला आतून हात काढायचा, चरवी घ्यायचा आन् रिकामी करून भाईर ठिवायचा. म्हातारीला तोंड म्हनून दावलं न्हाई. मी इचारलं एकदा, आई बी बाईच का रं नाथा? तर लिंबाकडं बघाया लागला."

वस्तादांची कीर्ती एका कुस्तीवर उभी होती. कधीकाळी खर्ड्याच्या यात्रेत एका नामांकित मल्लाशी ते दिवस मावळेपर्यंत लढले आणि कुस्ती बरोबरीत सुटली. ती गोष्ट ते कुणालाही, कधीही सांगत. मी भिंतीपलीकडून ती इतक्यांदा ऐकली की त्यातले डाव मला पाठ झाले. दर खेपेला समोरचा मल्ल आणखी उंच व्हायचा. मी ऐकायला लागले तेव्हा तो दरवाज्याएवढा होता, पुढे पुढे त्याला मारुतीच्या देवळात वाकून शिरावं लागायचं. जिंकलेली कुस्ती एकही सांगितली नाही, म्हणजे बहुधा नसावीच. पण गावातली पोरं त्यांच्याच हाताखाली तयार होत, आणि कुणाचा खांदा निखळला, पाय मुरगळला की त्यांच्याकडेच जात. त्यांचं औषध एकच. करडईच्या तेलानं रगडायचं आणि हौद्यातल्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातल्या, मातीत पुरून ठेवायचं. तालमीची ती लाल माती, तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबाचा रस. "मातीत समदं हाय," असं ते म्हणायचे. ताप आला तरी मातीत समदं हाय. मन लागत नाही म्हणणाऱ्या एका पोराला त्यांनी गळ्यापर्यंत पुरलं होतं. बाहेर निघाल्यावर त्याचं मन लागलं की नाही माहीत नाही, पण तक्रार त्यानं परत केली नाही.

बाहत्तरचा दुष्काळ पडला तेव्हाची गोष्ट. नदी आटून एक डोह तेवढा उरला होता. आमची म्हैस गुरांच्या छावणीत गेली होती. गोठा रिकामा. तालमीतले निम्मे पैलवान खडी फोडायला दुष्काळी कामावर. रस्त्यानं दिवसभर कडब्याचे ट्रक जायचे. त्यातल्याच एकाखाली एक पिल्लू आलं. वस्तादांनी त्याला उपरण्यात गुंडाळून आणलं आणि आत न जाता उंबऱ्याबाहेरच्या कट्ट्यावर मांडीवर घेऊन बसले. मी पाणी भरायला गेले तेव्हा बसलेले, परत आले तेव्हाही बसलेले. एवढा विचार करताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी उठले, आमच्या दाराशी आले आणि लिंबाला म्हणाले, "जुनं लाल कापड हाय का घरात?"

मी माझ्या जुन्या परकराचा घेर फाडून दिला. त्याचा लंगोट झाला. म्हणजे जिथे बाईची सावली चालत नव्हती तिथे माझा परकर मानानं आत गेला. हे मी कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंना सांगितलं, म्हणजे गावाला सांगितलं.

छावणीवर येणाऱ्या ढोरांच्या डॉक्टरांनी पिल्लू पाहिलं. पाठीचा कणा गेलाय, म्हणाले, हाल करू नका, इंजेक्शन देतो, शांत झोपेल. वस्तादांनी पिल्लू त्यांच्या हातातून काढून घेतलं. "पाठ मोडली न्हाई, डॉक्टर. रुसलीय," म्हणाले. डॉक्टर हसून सायकलवर बसून गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून रुसलेल्या पाठीची समजूत काढणं सुरू झालं.

पहाटे डोहावर. वस्ताद रुस्तमला खांद्यावर घेऊन निघायचे. डोहावर बाया पाण्याला आलेल्या असायच्या, म्हणून वस्ताद पार वरच्या वळणापासून खाकरत यायचे. बायाही काही कमी नव्हत्या. खाकरणं ऐकू आलं की मुद्दाम घागर हळू बुडवायच्या. मग वस्ताद पाठ करून काठावर उभे, खांद्यावर लंगोटातलं कुत्रं, आणि ते मात्र बायांकडे टक लावून बघतंय. घाट मोकळा झाला की पाण्यात. पोटाखाली हात धरून त्याला तरंगत ठेवायचे, ते पुढच्या पायांनी पाणी मारायचं, मागचे पाय दोरीसारखे लोंबायचे.

मग मालिश. मग मातीत पुरणं. हौद्याच्या कोपऱ्यात नुसतं डोकं वर काढून ते कुत्रं आल्यागेल्याकडे बघत असायचं. मग बैठका. म्हणजे वस्ताद त्याचे मागचे पाय हातात धरून वाकवणार, सरळ करणार, आणि उरलेसुरले पैलवान सुरात आकडे म्हणणार. रुस्तमला त्यात झोप लागायची. "ध्यान ठिव, रुस्तम," भिंतीपलीकडून आवाज यायचा. "मनातून मारल्याबिगर बैठक अंगी लागत न्हाई." संध्याकाळी उपरण्याची झोळी त्याच्या पोटाखालून घालून मागचं अंग उचलून धरायचं आणि हौद्याभोवती चालवायचं. पुढे कुत्रं, मागे कमरेत वाकलेला धिप्पाड म्हातारा. येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवायचे, आज जरा टेकवला बघा पाय. बघणाऱ्याला काही दिसायचं नाही. पण वस्तादांच्या तोंडावर नाही म्हणायची छाती कुणाची नव्हती.

सगळ्यात मोठा कार्यक्रम चिमट्याचा. रुस्तमच्या मागच्या पायाचं बोट ते नखात धरून दाबायचे आणि तोंडाकडे बघायचे. कळ डोक्यापर्यंत गेली तर पाय जिवंत, असा हिशेब. आधी स्वतःच्या पायाचं बोट चिमटायचे, तोंड वेडंवाकडं करून दाखवायचे, म्हणजे कुत्र्याला कळावं की असं व्हायला पाहिजे. मग त्याचं बोट. "कळ येती का?" रुस्तम शेपूटही हलवत नसे. असं बरेच दिवस चाललं. एका रविवारी हे तालमीत गेलेले असताना वस्ताद म्हणाले, मास्तर, तुमी बघा, माझा हात त्याला सवयीचा झालाय. ह्यांनी चिटणीसपदाला शोभेल अशा गंभीरपणानं खाली वाकून बोट दाबलं, आणि रुस्तमनं वळून ह्यांच्या हाताला कडकडून चावा घेतला.

वस्तादांनी त्या दिवशी तालमीत गूळ वाटला. कळ डोक्यापतुर गेली, कळ गेली, म्हणत लहान पोरासारखे नाचत होते. आमचे हे दवाखान्यात पोटात इंजेक्शनं घेत होते, ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. घरी वस्ताद विचारपूस करायला आले तेही लिंबाला एवढंच विचारून गेले, की चावताना त्यानं पाय मागं ओढला हुता का, मास्तरांनी नीट बघितलं का. ह्यांनी ते मनात ठेवलं. मास्तर लोक फार काही मनात ठेवतात.

पण पाय खरंच हलायला लागले. आधी डोहात एक पाय लाथ मारू लागला. मग झोळी सैल सोडली तरी क्षणभर अंग तोललं जाऊ लागलं, मग भदकन बसायचं. अंगावर केस आले, डोळ्यांत तेज आलं. माणसांना सरकारी सुकडी खाऊन दिवस काढावे लागत होते तेव्हा रुस्तम वस्तादांच्या वाट्याचं दूध पीत होता, आणि वस्ताद वाळत चालले होते. गावात लोक बोलायला लागले होतेच. तेवढ्यात कुत्रे आले.

एका सकाळी मी दार उघडलं तर तालमीच्या दारात गावातले सगळे कुत्रे. काळे, पिवळे, कान तुटलेले, शेजारच्या वस्तीवरचे दोन अनोळखी, सगळे उंबऱ्याबाहेर जीभ काढून बसलेले. हाकलले तर कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. त्यात पंचांचे प्रमुख तात्या नेमके तालमीकडे आलेले. गावात ज्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नाही असं ज्यांना स्वतःला वाटतं, त्यांपैकी एक. त्यांनी विचारलं, हे काय हो वस्ताद? वस्ताद रस्त्यावर काठी घेऊन उभे. कपाळाला घाम.

"रुस्तमचं नाव झालंय, तात्या," ते म्हणाले. "जोड बगाया आल्यात."

ओसरीवरून सासूबाईंचा आवाज आला. "नाथा, जोड न्हाई. नवरं आल्यात."

सगळी गल्ली हसत होती. इतके दिवस मारुतीच्या तालमीत, हौद्याच्या मातीत, पैलवानांच्या मांडीला मांडी लावून एक कुत्री तालीम करत होती. बोललं असं जात होतं की लंगोट बांधताना दुसऱ्याकडे नजर न टाकायची तालमीची रीत आहे, वस्ताद ती रीत कुत्र्याच्या बाबतीतही पाळत बसले आणि फसले. जन्मभर बाईकडे न बघणाऱ्या माणसाला बाई ओळखू कशी येणार, असं पोरंसोरं म्हणत. मीही खूप हसले. भाकरी ठेवायला गेले की हसू येऊन ताट हलायचं.

तात्या मात्र हसले नाहीत. आधीच पाऊस नाही, त्यात देवाच्या जागेला विटाळ झाला म्हणून त्यांनी पंच बोलावले. तालमीतच, मारुतीसमोर. सासूबाईंनी मला परसात पाट्यावर उभं केलं आणि भिंतीपलीकडे काय चाललंय ते शब्दन् शब्द सांग म्हणून बजावलं. मी डोकं वर काढलं. बाईचा पाय आत नको, असा नियम होता. डोक्याबद्दल कुणी काही म्हटलं नव्हतं.

मारुतीपुढे पंच बसले होते. आमचे हे वही घेऊन, हाताला अजून पट्टी. वस्ताद उभे होते आणि त्यांच्या पायाशी ती कुत्री, लंगोट बांधलेली, पुढच्या पायांवर तोल सावरत. आता वस्तादांना तालीम सोडावी लागली तर ते जाणार कुठे, हे सगळ्यांना दिसत होतं. वीतभर जागा त्यांच्या नावावर नव्हती. तात्यांनाही ते दिसत असावं, कारण ते बोलले ते चक्क मऊ आवाजात.

"वस्ताद, तुमी देवमानूस. नजर वळवून लंगोट बांधला, तुमाला कसं कळनार? मारुतीसमोर येवढंच म्हना, मला ठाऊक नव्हतं. मिटलं. कुत्री लांब सोडून येऊ, वरची माती काढून टाकू, तुमी तुमच्या जागी."

एवढंच म्हणायचं होतं. गावानं त्यांना भोळसट ठरवून टाकलंच होतं, नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. म्हणा हो, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. कालपर्यंत त्यांची थट्टा करणारी मीच.

वस्तादांनी मारुतीकडे पाहिलं. मग तात्यांकडे.

"ठाऊक हुतं," ते म्हणाले. "उचलली तवाच कळलं."

तात्यांनी विचारलं, "मग त्यो लंगोट?"

"त्यो तुमच्यासाठी बांधला हुता, तात्या. तिच्यासाठी न्हाई."

सासूबाई खालून माझा पदर ओढत होत्या, काय म्हणाला, काय म्हणाला. म्हणजे त्या दिवशी कट्ट्यावर बसले होते ते हे ठरवत बसले होते. सगळा गाव त्यांना येडा म्हणत होता आणि ते म्हणू देत होते, कारण ते येडे ठरले तरच तिला आत जागा मिळत होती. रस्त्यावर ते खोटं बोलले होते. मारुतीसमोर त्यांना ते जमलं नाही.

निकाल व्हायचा तोच झाला. आमच्या ह्यांनी तो वहीत लिहिला. वस्तादांनी मारुतीच्या पायाला हात लावला, कुत्रीच्या पोटाखालून उपरणं घातलं आणि तिला चालवत उंबऱ्याबाहेर आणलं. एकच मागितलं. विटाळली म्हणून जी माती काढून टाकणार आहात, ती मला द्या.

हे घरी आले तर ओसरीवर सासूबाई. मुलाला त्यांनी एक शब्द विचारला नाही. एवढंच म्हणाल्या, "गोठा रिकामा हाय. म्हस येस्तवर राहील त्यो तिथं." ह्यांनी पंचांचा निर्णय, लोक काय म्हणतील असं काहीतरी सुरू केलं. सासूबाई म्हणाल्या, "गोठा माझ्या सासऱ्याचा. तुझ्या पंचाचा न्हाई." मी आत जाऊन चूल पेटवली. त्या दिवशी बाहेर थांबले असते तर हे माझ्या तोंडून आणखी काही ऐकते.

वस्तादांनी टोपल्या भरभरून माती आणली. गव्हाणीच्या शेजारी एक लहानसा हौदा केला. खुंटीला मारुतीची तसबीर अडकवली. झाली तालीम. पैलवान दोन, एक म्हातारा आणि एक कुत्री. तिचा लंगोट आता सुटला होता, पण नाव रुस्तमच. मालिश, बैठका, झोळी, सगळं पूर्वीसारखं सुरू झालं. डोह मात्र आटला होता. आणि मी भाकरी घेऊन गेले की आतून ते खाकरणं यायचंच. काही दिवस मी सोसलं. मग एकदा सरळ आत शिरले आणि म्हटलं, वस्ताद, हा माझा गोठा आहे, मी इथे उंबऱ्यात ताट ठेवणार नाही. ते गडबडून भिंतीकडे वळले. आता लिंब नव्हता, भिंत होती.

मी म्हटलं, "ठाऊक होतं तर घेतलीत कशाला तिला आत? जन्मभर कुणाला घेतलं नाहीत."

बराच वेळ ते तिचा पाय चोळत राहिले. मग भिंतीला सांगायला लागले.

"शेवटाला आईचं पाय गेलं. भितीला धरून धरून यायची चरवी घिऊन. एक दिस म्हनाली, नाथा, समद्या गावाच्या पोरांचं पाय तू मातीत घालून बरं करतो. माझं बी घालून बघू का? आत कोन नसल तवा. मी म्हनलं, बायांना चालत न्हाई, आई. तर म्हनाली, व्हय व्हय, माझ्या ध्यानात न्हाई राह्यलं. रिकामी चरवी घेतली आन् गेली. त्यानंतर यायला जमलंच न्हाई तिला." ते थांबले. "ही रस्त्यात पडली हुती ना, मास्तरीणबाई, पाय वढीत वढीत चालली हुती. तालमीकडंच येत हुती."

ताट तिथे ठेवलं आणि परसात येऊन रडले. ज्या माणसाच्या मोडक्या कानांवर आणि उंच होत जाणाऱ्या मल्लावर मी इतकी हसले, तो इतकी वर्षं स्वतःचं ते 'चालत न्हाई' उराशी घेऊन बसला होता. सासूबाईंनी विचारलं काय झालं म्हणून. मी सांगितलं. हे मात्र त्यांनी गावाला सांगितलं नाही.

पुढे थंडीच्या दिवसांत रुस्तम उभी राहिली. एकदम नाही. आधी गव्हाणीला अंग टेकून, मग मोकळी. मागचं अंग एकीकडे झुकलेलं, चाल तिरपी, दोन पावलं गेली की बूड हेलपाटायचं. पण उपरणं नाही, झोळी नाही, आपल्या पायांवर. वस्तादांनी या खेपेला गूळ वाटला नाही. वाटायला तालीम कुठे होती. मी ओसरीवर जाऊन सासूबाईंना सांगितलं, चालली बरं का तुमची नवरी. त्या हुं म्हणाल्या.

दुपारी मी भांडी घासत होते तर ओसरी रिकामी. सासूबाई तर कुणी धरल्याशिवाय ओसरीवरून हलत नसत. बाहेर येऊन बघते तर भिंतीला धरून, एक एक पाय ओढत, त्या गोठ्यापर्यंत गेलेल्या. आणि गोठ्याच्या दारात उभ्या. स्वतःच्या सासऱ्यानं बांधलेल्या, जन्मभर शेण काढलेल्या गोठ्याच्या उंबऱ्याबाहेर, उन्हात, चौकटीला धरून उभ्या होत्या, कारण आत मारुतीची तसबीर होती आणि हौदा होता.

"बघाया आले रं तिला," त्या आत बघून म्हणाल्या. "हितनंच बघते."

वस्ताद माती भुसभुशीत करत होते. त्यांचे हात थांबले. रुस्तम तिरपी तिरपी चालत दारापर्यंत आली आणि सासूबाईंच्या पायाशी बसली. वस्तादांनी आधी सवयीनं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. मग ते हळूहळू वळले, उठले, दाराशी आले.

"आत या, आई," ते म्हणाले.

सासूबाई काहीतरी खोचक बोलतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी नुसती चौकट सोडली. वस्तादांनी दोन्ही हातांनी त्यांना धरून उंबरा ओलांडवला, हौद्याच्या काठावर बसवलं, माती उकरली आणि त्यांचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत आत ठेवले. ओंजळी ओंजळी भरून माती वर घालत राहिले. कुत्री जवळ येऊन त्या मातीवर हनुवटी टेकून पडली. सासूबाई गार लागतंय म्हणाल्या. लागू द्या, ते म्हणाले. मग मातीत हात घालून त्यांनी सासूबाईंच्या पायाचं बोट शोधलं आणि दाबलं, आणि मी तिथे उभी असतानाच, भिंतीकडे नाही, लिंबाकडे नाही, सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत विचारलं.

"कळ येती का, आई?"

"येती रं," सासूबाई म्हणाल्या.